अर्थ न लागलेला इशारा : डिकन्सची ‘द सिग्नलमन’ आणि तिचे दूरचित्रवाणी रूप

इंग्रजी भूतकथेचा इतिहास पाहताना चार्ल्स डिकन्सची ‘द सिग्नलमन’ ही कथा एका कारणासाठी बाजूला काढून पाहावी लागते : तिच्यातल्या भुताला कोणाकडून काहीच नको आहे. भूत म्हणजे मागे राहिलेली इच्छा, ही समजूत इंग्लंडातही जुनी आहे आणि कोकणातल्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकालाही ती नवी नाही; मेलेला माणूस परत येतो तो सूड मागायला, पुरलेल्या धनाची राखण करायला, राहिलेले क्रियाकर्म करून घ्यायला किंवा जिवंतांना वळणावर आणायला. डिकन्सच्याच १८४३ सालच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये मार्लीचे भूत साखळ्या ओढत येते, आपण का आलो ते सविस्तर सांगते, पुढे कोण येणार त्याची कल्पना देते आणि सुटकेचा मार्गही दाखवते. तेवीस वर्षांनी त्याच लेखकाने जे भूत उभे केले, ते हात हलवते आणि नाहीसे होते. ते धोक्याची सूचना देते, पण धोका कोणता, कुठला आणि कधीचा हे सांगत नाही. आणि ज्याला ही सूचना मिळते त्या माणसाचे कामच मुळी सूचना घेणे, समजून घेणे आणि पुढे पाठवणे हे आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ही कथा, तिच्यामागचे रेल्वेचे जग आणि बीबीसीने १९७६ साली केलेले तिचे दूरचित्रवाणी रूपांतर असा आहे. या कथेतले भय अर्थ न लागणाऱ्या इशाऱ्याचे आहे, आणि रूपांतराने काय साधले व काय गमावले हेही याच कसोटीवर तपासले पाहिजे, अशी येथील भूमिका आहे.

डिकन्स १८५९ पासून ‘ऑल द इयर राउंड’ हे साप्ताहिक चालवत असे, आणि दर नाताळला त्याचा एक जादा अंक निघे. मराठीत दिवाळी अंकाला जे स्थान आहे त्याच्याशी या नाताळ अंकाची तुलना करता येईल : वर्षातून एकदा घरोघरी वाचला जाणारा, अनेक लेखकांचा, आणि भुताच्या गोष्टीवाचून अपुरा वाटणारा अंक. १८६६ च्या नाताळ अंकाचे नाव ‘मग्बी जंक्शन’ होते. एका काल्पनिक जंक्शनवरून फुटणाऱ्या लोहमार्गांप्रमाणे त्यातल्या कथा एकमेकींपासून फुटतात, अशी त्याची रचना होती. आठपैकी चार कथा डिकन्सच्या स्वतःच्या होत्या आणि उरलेल्यांत अमेलिया एडवर्ड्स, हेस्बा स्ट्रेटन यांसारख्या लेखिकांच्या कथा होत्या. ‘द सिग्नलमन’ ही त्यातली पहिल्या क्रमांकाच्या फाट्यावरची कथा. अंकातला बाकीचा बराचसा मजकूर आज केवळ अभ्यासकांपुरता उरला आहे, ही कथा मात्र भूतकथांच्या बहुतेक इंग्रजी संग्रहांत आढळते.

कथेचा निवेदक एक प्रवासी आहे. त्याचे नाव, धंदा, गाव यांपैकी काहीही वाचकाला कळत नाही, इतकेच कळते की तो आयुष्याचा बराच काळ चाकोरीत अडकून नुकताच मोकळा झाला आहे. डोंगर कापून केलेल्या एका खोल खाचेच्या काठावर उभा राहून तो खाली रुळांजवळ असलेल्या सिग्नलमनला हाक मारतो. खालचा माणूस हाकेच्या दिशेने वर पाहत नाही. तो वळतो आणि बोगद्याच्या तोंडाकडे पाहतो. कथेचा सगळा आशय या एका हालचालीत साठवलेला आहे, कारण वरून आलेली हाक त्याने यापूर्वी ऐकली आहे, त्याच शब्दांत ऐकली आहे, आणि ती ऐकली त्या वेळी हाक मारणारा बोगद्याच्या तोंडाशी, लाल दिव्याखाली उभा होता.

प्रवासी नागमोडी वाटेने खाली उतरतो. पाणी झिरपणाऱ्या दगडी भिंती, आकाशाची एक अरुंद पट्टी, एका टोकाला काळा बोगदा आणि त्याच्या तोंडाशी उदास लाल दिवा, असे हे ठिकाण आहे. सिग्नलमनच्या केबिनमध्ये शेगडी, नोंदवही ठेवलेले मेज, तबकडी आणि काटे असलेले तारयंत्र आणि एक लहान घंटा आहे. त्याच्या कामाचे डिकन्सने केलेले वर्णन फार नेमके आहे : अंगमेहनत जवळजवळ नाही, सिग्नल बदलायचा, दिव्यांच्या वाती ठीक ठेवायच्या, अधूनमधून एक लोखंडी दांडा फिरवायचा, पण अचूकपणा आणि जागरूकता यांत क्षणाचीही सूट नाही. हा माणूस तरुणपणी विज्ञानाची व्याख्याने ऐकणारा विद्यार्थी होता, हाती आलेल्या संधी त्याने वाया घालवल्या, आणि आता या खाचेत बसून तो स्वतःच स्वतःला एक भाषा शिकवतो, अपूर्णांक आणि दशांशांचे हिशेब करतो, थोडे बीजगणितही करून पाहतो. तो अडाणी नाही, भोळाही नाही. भूत पाहणारा माणूस अंधश्रद्धाळू असतो, हा वाचकाच्या मनातला सोपा तोडगा डिकन्सने येथे आधीच काढून घेतला आहे.

दुसऱ्या भेटीत तो आपली हकिगत सांगतो. एका रात्री लाल दिव्याखाली एक आकृती दिसली; डावा हात चेहऱ्यावर आडवा धरलेला, उजवा हात जिवाच्या आकांताने हलत असलेला. तो धावत गेला, आकृती नाहीशी झाली. त्याने दोन्ही दिशांना तार करून विचारले, दोन्हीकडून सर्व ठीक असल्याचे उत्तर आले, आणि सहा तासांच्या आत त्या मार्गावर मोठा अपघात होऊन दहा तासांच्या आत मृत आणि जखमी त्याच बोगद्यातून, आकृती उभी होती त्या जागेवरून, बाहेर आणले गेले. सहासात महिन्यांनी तीच आकृती पुन्हा आली, या वेळी मुकी, दोन्ही हात तोंडावर घेऊन शोक करणारी. त्याच दिवशी गाडीच्या डब्यात अकस्मात मेलेली एक सुंदर तरुणी त्याच्या केबिनमध्ये आणून ठेवली गेली. आणि आता आठवडाभर ती आकृती तिसऱ्यांदा येत आहे. त्याची यातना भुताने दिलेली नाही, त्याच्या हाताशी असलेल्या यंत्राने दिलेली आहे. धोका आहे असे त्याने तारेवर कळवले तर पलीकडून कोणता आणि कुठे हेच विचारले जाईल, आणि त्याचे उत्तर त्याच्याजवळ नाही. असे झाले तर त्याला कामावरून काढतील. संदेश पाठवण्याचे साधन आहे, पाठवायचा संदेश नाही, आणि तरीही तो पाठवला नाही म्हणून माणसे मरतील, अशा पेचात एक कर्तव्यदक्ष माणूस सापडला आहे.

हा पेच डिकन्सला कुठे सापडला असावा, हे पाहण्यासाठी त्या काळच्या रेल्वेची व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. एका रुळावर एकामागून एक गाड्या सोडताना त्या एकमेकींवर आदळू नयेत यासाठी आरंभी वेळेच्या अंतराची पद्धत होती, म्हणजे एक गाडी गेल्यावर ठराविक मिनिटे थांबून दुसरी सोडायची. पुढची गाडी वाटेत थांबली असेल तर या पद्धतीत मागच्या गाडीला ते कळण्याचा उपाय नसे. तिच्या जागी जागेच्या अंतराची पद्धत हळूहळू येत होती. तीत लोहमार्गाचे तुकडे पाडतात, त्या तुकड्याला ब्लॉक म्हणतात, आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी राहील अशी खबरदारी दोन्ही टोकांचे सिग्नलमन तारयंत्राने आणि घंटेने एकमेकांना विचारून घेतात. (मुंबईकर ज्याला मेगाब्लॉक म्हणतात तो कामासाठी मार्ग बंद ठेवण्याचा प्रकार निराळा.) कथेतल्या केबिनमधली घंटा ही या संभाषणाची घंटा आहे. ती वाजली की पलीकडे माणूस आहे आणि त्याला काही सांगायचे आहे, एवढा भरवसा असावा लागतो. सगळी सुरक्षितता त्या एका भरवशावर उभी असते.

हा भरवसा कसा फसतो, याचे उदाहरण कथेच्या पाच वर्षे आधी इंग्लंडने पाहिले होते. २५ ऑगस्ट १८६१ या रविवारी सकाळी ब्रायटनहून तीन गाड्या लंडनच्या दिशेने सुटल्या. त्यांच्यात पाच मिनिटांचे अंतर ठेवायचे असताना प्रत्यक्षात तीन आणि चार मिनिटांचेच ठेवले गेले. वाटेत सुमारे दोन किलोमीटर लांबीचा क्लेटन बोगदा होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सिग्नलमन होता. दक्षिण टोकाचा सिग्नलमन त्या दिवशी सलग चोवीस तासांच्या पाळीवर होता, कारण आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी मिळवायची तर त्याला हीच वाट होती. पहिली गाडी आत गेली, पण तिच्यामागे आपोआप धोक्यावर यायला हवा होता तो सिग्नल आला नाही. दुसरी गाडी जवळ आलेली पाहून त्याने लाल बावटा दाखवला, आणि तो ड्रायव्हरला दिसला की नाही हे त्याला कळले नाही. ड्रायव्हरला तो दिसला होता. त्याने बोगद्यात शिरल्यावर गाडी थांबवली आणि काय झाले ते पाहण्यासाठी तो ती मागे घेऊ लागला. इकडे सिग्नलमनने तारेने पलीकडे विचारले की बोगदा मोकळा आहे काय. पलीकडच्याने पहिली गाडी बाहेर पडलेली पाहिली होती, त्याने मोकळा आहे असे कळवले. तिसऱ्या गाडीला पांढरा बावटा मिळाला, जो त्या काळी मार्ग मोकळा असल्याची खूण होता. २३ माणसे मेली आणि १७६ जखमी झाली. या घटनेत यंत्राचा एक बिघाड सोडला तर बाकी सर्व इशारे दिले गेले, पाहिले गेले आणि पाळलेही गेले होते. चुकला तो त्यांचा अर्थ, कारण एकाच शब्दाने दोघे वेगवेगळ्या गाड्यांविषयी बोलत होते. कथेतला बोगद्यातला अपघात या घटनेवरून सुचला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे आणि ते पटण्याजोगे आहे.

दुसरी घटना डिकन्सच्या अंगावरूनच गेली. ९ जून १८६५ रोजी तो फोकस्टनहून लंडनला जाणाऱ्या गाडीत पहिल्या वर्गाच्या डब्यात होता. सोबत एलन टर्नन ही अभिनेत्री आणि तिची आई होती. ही गाडी बोटीच्या प्रवाशांसाठी असल्यामुळे तिची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलत असे. केंट परगण्यात स्टेपलहर्स्टजवळ ब्यूल्ट नदीवरच्या एका बसक्या पुलावर रुळांखालची लाकडे बदलण्याचे काम चालू होते, आणि कामावरच्या मुकादमाने वेळापत्रकात चुकीच्या दिवसाची वेळ वाचल्यामुळे गाडी यायला अजून दोन तास आहेत अशा समजुतीने रूळ काढून ठेवले होते. नियमाप्रमाणे लाल बावटेवाला एक हजार यार्डांवर उभा असायला हवा होता. तो ५५४ यार्डांवर होता. त्याने बावटा दाखवला, ड्रायव्हरने तो पाहिला, ब्रेक लावले, आणि तेवढ्या अंतरात गाडी थांबणे शक्य नव्हते. दहा प्रवासी मेले, सुमारे चाळीस जखमी झाले. डिकन्सचा डबा पुलाच्या कडेवर लोंबकळत राहिला. त्यातून सोबतच्या दोघींना बाहेर काढून तो टोपीतून पाणी आणि बाटलीतली ब्रँडी घेऊन खाली पडलेल्या माणसांमध्ये फिरला, आणि काही जण त्याच्यासमोरच मेले. नंतर त्या लोंबत्या डब्यात पुन्हा चढून त्याने ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीच्या चालू हप्त्याचे हस्तलिखित आणले. पुढे सुमारे दोन आठवडे त्याचा आवाज बसला होता, आणि रेल्वेच्या प्रवासाची धास्ती त्याला अखेरपर्यंत सोडून गेली नाही. बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० रोजी, त्याचा मृत्यू झाला.

चरित्रातून कथा काढणे हा समीक्षेतला फार सोयीचा मार्ग आहे आणि तो जपूनच वापरला पाहिजे. अपघात पाहिलेल्या प्रत्येकाने अशी कथा लिहिली नसती. येथे महत्त्वाचा आहे तो दोन्ही अपघातांतला समान धागा. क्लेटनला इशारा गेला आणि त्याचा अर्थ चुकला. स्टेपलहर्स्टला इशारा गेला, अर्थही लागला, आणि तरी उपयोग झाला नाही. इशारा ही वस्तू स्वतःमध्ये पुरी नसते, ती योग्य जागी, योग्य वेळी आणि दोघांना सारख्याच ठाऊक असलेल्या संकेतात असावी लागते, हे त्या पिढीला माणसे गमावून शिकावे लागले. ब्लॉक पद्धत ब्रिटनमधल्या प्रवासी मार्गांवर कायद्याने सक्तीची झाली ती १८८९ साली, आयर्लंडमधल्या आर्माच्या अपघातात ८० माणसे मेल्यानंतर. डिकन्सची कथा या मधल्या काळाची आहे. तिच्यातले भूत बोगद्याच्या तोंडाशी, लाल दिव्याजवळ, बावटेवाल्यासारखेच हातवारे करत उभे राहते. ते रेल्वेच्याच भाषेत बोलते, फक्त त्या भाषेचे नियम पाळत नाही.

कथेचा शेवट या दृष्टीने पाहिला पाहिजे. प्रवाशाला सिग्नलमनची दया येते, पण त्याहून अधिक काळजी वाटते ती त्याच्या हाती असलेल्या जिवांची, म्हणून त्याला डॉक्टरकडे न्यायचे तो ठरवतो. आकृती म्हणजे डोळ्यांच्या नसांचा विकार, आवाज म्हणजे तारांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा, उरलेले सगळे योगायोग, अशी त्याची स्पष्टीकरणे आहेत. आणि कितीतरी हिवाळ्यांच्या रात्री त्या तारांखाली एकट्याने काढलेला सिग्नलमन शांतपणे सांगतो की वारा आणि तारा आपल्याला चांगल्या परिचयाच्या आहेत. फ्रेंच भाषेत लिहिणारे समीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुत साहित्याची जी व्याख्या केली, ती अशा स्थितीला चपखल लागू पडते : घडले ते नैसर्गिक की निसर्गापलीकडचे, याबद्दल वाचकाची अनिर्णीत अवस्था जेवढा वेळ टिकते तेवढाच वेळ अद्भुत टिकते, निर्णय झाला की कथा एक तर बुद्धीच्या कक्षेत येते किंवा चमत्काराच्या. भयकथा आणि गूढकथा हा भेद मराठी वाचक रत्नाकर मतकरींच्या लेखनामुळे सहज जाणतो. तोदोरोव्ह यांची अनिर्णीत अवस्था ही गूढकथेची भूमी आहे.

तिसऱ्या संध्याकाळी प्रवाशाला बोगद्याच्या तोंडाशी तीच आकृती दिसते, डावा हात डोळ्यांवर, उजवा हलता. पण ती जिवंत माणसाची असते. सकाळी सिग्नलमन इंजिनाखाली सापडला आहे, आणि ड्रायव्हर जमलेल्या अधिकाऱ्यांना आपण त्याला कसे ओरडून सावध केले, हात कसा हलवला आणि पुढे पाहवेना म्हणून दुसरा हात डोळ्यांवर कसा घेतला, ते करून दाखवत आहे. त्याने उच्चारलेले शब्द भुताचेच आहेत. इतकेच नव्हे, तर त्या हातवाऱ्याला प्रवाशाने केवळ मनातल्या मनात जे शब्द जोडले होते, जे त्याने कोणापाशी उच्चारलेही नव्हते, तेही त्यात आहेत. हा शेवटचा फिरकीचा मुद्दा नुसता चमत्कार नाही. तोपर्यंत प्रवासी स्वतःला प्रेक्षक समजत होता. आता कळते की इशारा त्याच्याही मनातून जात होता, तोही त्या तारेवरचा एक टप्पा होता आणि त्यालाही तो कळला नाही. इशारा नेमका ज्याच्यासाठी होता त्यालाच तो दुसऱ्या कोणाच्या तरी मरणाचा वाटला, कारण आयुष्यभर त्याने इशारे घेतले ते इतरांसाठी होते. साऱ्या इंग्रजी भूतकथेत एवढी निर्दय आणि एवढी न्याय्य जुळणी क्वचितच सापडेल.

आता रूपांतराकडे वळता येईल. बीबीसीने १९७१ पासून दर नाताळच्या सुमारास एक भूतकथा चित्रित करून दाखवण्याचा परिपाठ सुरू केला. ‘अ घोस्ट स्टोरी फॉर ख्रिसमस’ या नावाने ही मालिका ओळखली जाते. पहिली पाच वर्षे केंब्रिजचे विद्वान एम. आर. जेम्स यांच्या कथा निवडल्या गेल्या. जेम्स स्वतः नाताळच्या आदल्या रात्री किंग्ज कॉलेजातल्या आपल्या खोलीत मेणबत्तीच्या उजेडात मित्रांना नव्या कथा वाचून दाखवत, त्यामुळे मालिकेची नाळ त्या प्रथेशी जुळलेली होती. सहाव्या वर्षी, २२ डिसेंबर १९७६ रोजी, ‘द सिग्नलमन’ दाखवली गेली. दिग्दर्शक लॉरेन्स गॉर्डन क्लार्क हे आधीच्या पाचही भागांचे दिग्दर्शक होते. पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची होती, ज्यांचे नाव पुढे १९९५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या रूपांतराने सर्वतोमुखी झाले. डेनहोम एलियट सिग्नलमनच्या आणि बर्नार्ड लॉइड प्रवाशाच्या भूमिकेत होते. चित्रीकरण सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर झाले. प्रवासी वाहतुकीसाठी १९६३ साली बंद पडलेला हा मार्ग वाफेच्या रेल्वेवर प्रेम करणाऱ्या मंडळींनी १९७० पासून तुकड्यातुकड्याने पुन्हा सुरू केला होता. बोगदा बूडलीजवळचा, त्याच्या खाचेत केबिन नव्हती म्हणून बाहेरून दिसणारी केबिन खास उभारली गेली, आणि आतली दृश्ये हायलीच्या खऱ्या केबिनमध्ये घेतली गेली.

या स्थळनिवडीचे महत्त्व केवळ देखाव्यापुरते नाही. कथेत सिग्नलमनचे काम दोनचार वाक्यांत येते. पडद्यावर ते सतत चालू असलेले दिसते. तरफा ओढल्या जातात, घंटेला घंटेने उत्तर दिले जाते, गाडी धडधडत जाते आणि धूर खाचेत रेंगाळतो. कामाची ही लय प्रेक्षकाच्या अंगवळणी पडली म्हणजेच तिच्यात आलेला खंड भयंकर वाटतो, हे दिग्दर्शकाने ओळखले आहे. एलियट यांचा अभिनयही याच लयीला धरून आहे. त्यांचा सिग्नलमन वेडा वाटत नाही, झोप न झालेल्या जबाबदार माणसासारखा वाटतो, जो बोलता बोलता थांबतो कारण त्याचा एक कान सदैव घंटेकडे लागलेला आहे. डोळ्यांतली भीती लपवून पाहुण्याशी सभ्यपणे वागण्याची त्याची धडपड पाहताना जो कळवळा येतो, तो कथा वाचताना इतक्या थेटपणे येत नाही, हे मान्य केले पाहिजे.

रूपांतराची खरी कसोटी घंटेपाशी आहे. कथेत भुताची घंटा ही एक विचित्र थरथर आहे : घंटा हललेली डोळ्यांना दिसत नाही, पलीकडून कोणी वाजवलेली नाही, आणि प्रवासी समोर बसलेला असूनही त्याला ती ऐकू येत नाही. वाचकाजवळ दोघांचे शब्द आहेत, घंटा नाही. ध्वनिपट्टीला असे तटस्थ राहता येत नाही; तिच्यावर एक तर आवाज असतो किंवा नसतो. चित्रपटात आकृती दिसायच्या वेळी घंटेचे कंपन प्रेक्षकाला ऐकवले जाते, आणि त्या क्षणी प्रेक्षक सिग्नलमनच्या बाजूला जाऊन बसतो. तोदोरोव्ह यांच्या परिभाषेत अनिर्णीत अवस्था येथे ढळते. पण तिच्या बदल्यात जे मिळते ते मोठे आहे : केबिनमधली सर्वांत ओळखीची, सर्वांत भरवशाची वस्तूच दगा देऊ लागते, आणि हा दगा वर्णनातून कळत नाही, कानाला जाणवतो. स्वतः डिकन्सने भय त्या घंटेत ठेवले होते. क्लार्क यांनी ते तिथूनच बाहेर काढले. हा व्यवहार न्यायाचा वाटतो.

तांबड्या रंगाच्या बाबतीतही असेच म्हणता येईल, कारण धोक्याचा दिवा आणि सिग्नलमनच्या आठवणीतला बोगद्यातला अपघात यांना तो रंग एकत्र बांधतो. तरुणीचा मृत्यू मात्र बदलला आहे. कथेत ती डब्यात बसल्या जागी मरते, का ते कधीच कळत नाही. चित्रपटात नववधूच्या वेषातील तरुणी धावत्या गाडीतून पडताना दिसते. पांढऱ्या वस्त्राची ती प्रतिमा लक्षात राहते खरी, तरी कारण नसलेल्या मृत्यूची थंडाई तिच्यात उरत नाही. प्रवासी मुक्कामाच्या खानावळीत परत जातो आणि त्याला वाईट स्वप्ने पडतात, ही भरही नवी. ती दोन भेटींमधली रात्र भरून काढते, आणि प्रवासीही या जाळ्यात ओढला जात असल्याचे सुचवते.

डेव्हिस यांच्यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न शेवटाचा होता, कारण मनातल्या मनात जोडलेले आणि कधीच न उच्चारलेले शब्द कॅमेऱ्याला दाखवता येत नाहीत. निवेदकाचा ‘मी’ हा कथेचा पाया आहे आणि पडद्यावर तो ‘तो’ होऊन जातो. यावर त्यांनी चेहऱ्याचा उपाय शोधला : शेवटाची मांडणी बदलून आकृतीची चेहरेपट्टी प्रवाशाच्या चेहरेपट्टीशी जुळवली. कथेतही सिग्नलमनला पहिल्या भेटीत शंका येते की वरून हाक मारणारा हा माणूस म्हणजे तेच भूत तर नव्हे, त्यामुळे उपायाचे बीज मूळ कथेतच होते असे म्हणता येते. चित्रभाषेच्या दृष्टीने तो चतुर आणि परिणामकारक आहे. तरीही येथे काहीतरी निसटले, असेच मत द्यावे लागते. कथेतल्या आकृतीचा चेहरा कायम हाताने किंवा दोन्ही हातांनी झाकलेला आहे, आणि तो झाकलेला आहे म्हणूनच ती कोणीही असू शकते; चेहरा दिसताच ती कोणीतरी होते, आणि इशाऱ्यापेक्षा इशारा देणाऱ्याकडे लक्ष जाते.

मृत्यूच्या दृश्यातही हाच फरक आहे. चित्रपटात लाल दिव्याखालच्या आकृतीने भारल्यासारखा उभा असलेला सिग्नलमन आणि बोगद्यातून येणारे इंजिन प्रेक्षकाला दाखवले जाते, आणि एलियट यांच्या चेहऱ्यावरची ती शेवटची एकाग्रता विसरणे कठीण आहे. डिकन्स मृत्यू दाखवत नाही. त्याचा निवेदक पोचतो तेव्हा सगळे आटोपून बराच वेळ गेलेला असतो. ड्रायव्हरच्या तोंडून कळते की लख्ख उजाडले असतानाही त्या माणसाच्या हातात पेटवलेला कंदील होता आणि इंजिनाकडे त्याची पाठ होती. खाली रुळांजवळ, पूर्वी नव्हती अशी, लाकडाच्या टेकूंवर ताडपत्री टाकून केलेली एक बुटकी खोपटी आहे, एखाद्या बिछान्यापेक्षा मोठी नसलेली. संध्याकाळ उतरत आली आहे, अधिकारी उभे आहेत, ड्रायव्हर हात हलवून दाखवतो आहे, आणि बोगद्याच्या तोंडाशी असलेला धोक्याचा दिवा अजून कोणी लावलेला नाही.